लाइट बिल तिघींत सारखं वाटायचं की वापरानुसार?

मोगरा | ६ मे २०२४, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात वाकडला एका थ्री बीएचकेत राहतो. कॉलेजच्या होस्टेलपासून एकत्र, यंदा सात वर्षं होतील. भाडं, सोसायटी, नेट, मावशींचा पगार, सगळ्याचे सरळ तीन भाग. आजवर एकदाही कटकट झाली नव्हती.

मार्चमध्ये आमचे १९० युनिट झाले होते, बिल दोन हजारांच्या आसपास. एप्रिलचं बिल साडेसहा हजारांच्या घरात आलं. युनिट ४६०. मार्चअखेरीला प्र.ने तिच्या खोलीत स्वतःच्या पैशांनी दीड टनाचा एसी बसवला. ती पूर्णवेळ घरून काम करते. मी आणि शि. सकाळी नऊला बाहेर पडतो, रात्री आठला परत.

शि.ने ग्रुपवर बिलाचा फोटो टाकून "एसीचं काय?" एवढंच लिहिलं. त्यावर प्र.ने लिहिलं, "तुमच्या दोघींच्या गिझरचं मी कधी विचारलं होतं का?" मी मध्ये पडले ती दोघींना नकोशी झाले. आज तिसरा दिवस. तिघी आपापला चहा आपापल्या पातेल्यात करतोय. हे मला सहन होत नाहीये.

पैसे कोणालाच जड नाहीत. पण रक्कम नेमकी कशी वाटावी, याचा पटेल असा हिशेब मला हवाय. तुमच्याकडे कसं करता?

पेठेतला | ६ मे, रात्री १०.३२

सरळ तीन भाग करा आणि विषय संपवा. उन्हाळा दोन महिन्यांचा, मैत्री सात वर्षांची.

तिखटमीठ | ६ मे, रात्री १०.४०

@पेठेतला, अजिबात पटलं नाही. असं "विषय संपवा" म्हणून गप्प बसलेला माणूस आतून धुमसत असतो. माझ्या आधीच्या खोलीत मी दीड वर्ष गप्प बसले. शेवटी एका साबणावरून इतकं बोलले की आजही त्या मुलीचा नंबर माझ्याकडे असून मी फोन करू शकत नाही. मोगरा, आत्ताच बोला.

वायरमन नाना | ६ मे, रात्री ११.०५

ताई, मी वीज खात्यातून निवृत्त झालो. आधी बिल नीट समजून घ्या, मग भांडा.

घरगुती बिल टप्प्याटप्प्याने वाढतं. पहिले १०० युनिट स्वस्त. १०१ ते ३०० महाग. ३०१ ते ५०० त्याहून महाग. ५०० च्या वर आणखी. युनिट अडीचपट झाले म्हणून बिल अडीचपट होत नाही, ते तिपटीच्या वर जातं. तुमचं तेच झालंय. तुमचे शेवटचे १६० युनिट तिसऱ्या टप्प्यातले आहेत आणि खरा पैसा तिथे गेलाय.

बिलाच्या मागच्या बाजूला दर छापलेले असतात. वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे पैसे) वेगवेगळे दाखवतात, दोन्ही मिळवून युनिटचा दर धरायचा. वर स्थिर आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

आणि सगळं एसीवर ढकलू नका. एप्रिलमध्ये पंखे रात्रंदिवस फिरतात, फ्रिज जास्त वेळ चालतो. आधी एसी किती खातो ते मोजा. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी भर उन्हाळ्यात तासाला एक युनिटच्या आसपास जातो, पण खोलीला ऊन किती लागतं त्यावर सगळं आहे. १६ अँपिअरचा, युनिट दाखवणारा स्मार्ट प्लग मिळतो. तो लावून आठवडाभर आकडे लिहा.

रानजाई | ७ मे, सकाळी ७.५०

मी तुमच्या प्र.च्या जागी होते, म्हणून तिची बाजू मांडते.

वरचा मजला, पश्चिमेची खोली, दुपारी दोनला भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. ऑफिसने सांगितलं घरूनच काम करा. मैत्रिणी दहा तास ऑफिसच्या गारव्यात. तो त्यांना फुकट आणि माझा मात्र बिलावर दिसतो! शिवाय दिवसभर घरात मीच असल्यामुळे गॅसवाल्याला दार मी उघडायचं, मावशी आल्या की मी, कुरियर मी, पाणी गेलं तर मोटार लावायला वॉचमनला फोन मी. त्या वेळेचे पैसे कोणी धरले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत. पण एसीचा विषय निघाल्यावर ते सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मला फार लागलं. रक्कम मी दिलीच असती. विचारायची पद्धत लागली.

मोगरा | ७ मे, सकाळी ८.२०

@रानजाई, हे वाचून पोटात कालवलं. गॅसवाला, मावशी, मोटार, सगळं प्र.च बघते. आमच्या डोक्यात हे एकदाही आलं नाही.

@वायरमन नाना, प्लग मागवते.

हिशेबनीस | ७ मे, दुपारी १.१०

आकडेमोड करून बघितली. २०२४-२५ चे दर वहन आकारासकट ढोबळ धरतो: पहिला टप्पा ६ रुपये, दुसरा साडेअकरा, तिसरा पावणेसोळा. स्थिर आकार १३०. इंधन समायोजन बाजूला ठेवतो.

४६० युनिट: ६०० + २,३०० + २,५२० = ५,४२०. त्यात १३० मिळवून १६ टक्के शुल्क लावलं की ६,४३८.

आता समजा एसीने २१० खाल्ले आणि बाकी घराचे २५० (प्लगचा आकडा आला की बदलू). वाटणी तीन प्रकारे होते.

पहिली, सारखी: प्रत्येकी २,१४६.

दुसरी, सरासरी दराने: युनिट सरासरी ११.७८ ला पडलं. एसीचे २१० युनिट शुल्कासह २,८७०. उरलेले ३,५६८ तिघींत, म्हणजे प्रत्येकी १,१८९. प्र.चे एकूण ४,०५९.

तिसरी, वरच्या टप्प्याने: एसी नसता तर २५० युनिटांचं बिल २,८४८ आलं असतं, प्रत्येकी ९४९. त्यावरचे ३,५९० सगळे एसीमुळे, ते प्र.चे. तिचे एकूण ४,५३९.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत एसीच्या रकमेत ७२० रुपयांचा फरक आहे. माझ्या मते तिसरी बरोबर, कारण महागडा टप्पा एसीनेच गाठला.

वायरमन नाना | ७ मे, दुपारी १.४५

हिशेबनीस, गणित चोख आहे, पण निकालाशी मी सहमत नाही. मीटरला कुठलं युनिट कोणाचं ते कळत नाही. पहाटे फ्रिज चालला तो पहिल्या टप्प्यात आणि दुपारी एसी चालला तो तिसऱ्यात, असं काही नसतं. महिनाअखेर सगळे एकत्र मोजले जातात. स्वस्त टप्प्यावर प्र.चाही तितकाच हक्क. ती आधी घरात नव्हती आणि मागून आली असं तर नाही ना? सरासरी दर लावा.

हिशेबनीस | ७ मे, दुपारी २.०५

नाना, स्वस्त टप्प्याचा तिसरा भाग तिला मिळतोच की. घरखर्चाच्या २५० मध्ये तिचा वाटा आहे. एसी हा त्यावरचा जादा वापर. शि. आणि मोगराने एक युनिटही वाढवलं नसताना सरासरीच्या पद्धतीत त्यांना दरमहा २४०-२४० जास्त पडतात. ते कशाबद्दल?

रानजाई | ७ मे, दुपारी २.३०

गॅसवाल्याला दार उघडल्याबद्दल. :)

पेठेतला | ७ मे, दुपारी २.३३

+१. हे मात्र पटलं.

सचिव_दादा | ७ मे, संध्या. ६.४०

मी सोसायटीचा सचिव आहे, त्यामुळे "सारखं की वापरानुसार" हे भांडण दर सर्वसाधारण सभेत ऐकतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत याचं उत्तर बघण्यासारखं आहे. तिथे एकच नियम सगळ्या खर्चाला लावलेला नाही. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, हे घर लहान असो की मोठं, सगळ्यांना सारखं. पाणीपट्टी मात्र घरात किती नळजोड आणि केवढ्या मापाचे त्यावर. दुरुस्ती निधी घराच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान पाऊण टक्का. मालमत्ता कर महापालिका ठरवेल तसा.

मोठ्या फ्लॅटवाल्याने वॉचमनचे जास्त द्यावेत, असं लोक दरवर्षी म्हणतात. वॉचमन त्याच्यासाठी जास्त जागा राहत नाही, हे मी दरवर्षी सांगतो. प्रत्येक खर्चाची मोजपट्टी वेगळी असते. मोगरा, तुम्हीही एकेक खर्च वेगळा घ्या. नेट सारखं. मावशींचा पगार सारखा. एसी वेगळा. गिझरही वेगळा धरायचा का, ते तिघींनी बसून ठरवा.

सासुरवाशीण | ७ मे, रात्री ९.५५

मैत्रिणींचं निदान तोंडावर बोलता तरी येतं. एकत्र कुटुंबात तर बिलाचा 'ब' काढला की घर फोडायला निघालीस असं होतं. आमचं सांगते, थोडं लांबेल.

डोंबिवलीला सासरचं घर. आम्ही, मोठे दीर-जाऊबाई, सासूबाई. सासरे गेल्यावर भावाभावांनी खाती वाटून घेतली. लाइट बिल, गॅस आणि सोसायटी मोठ्यांकडे, किराणा, दूध आणि भाजी आमच्याकडे. त्या वेळी दोन्ही रकमा जवळपास सारख्या होत्या. पाच वर्षांत सोसायटीचा आकडा तोच राहिला, लाइटचा थोडा हलला आणि किराणा कुठल्या कुठे गेला. त्यांची मुलं दोन, दोघं कॉलेजची, भूक वाढती. आमची एक, तीन वर्षांची. तेलाचा डबा आणताना दर वेळी माझ्या मनात यायचं, आणि मनात आलं म्हणून माझीच मला लाज वाटायची. मुलांनी दुसरी पोळी मागितली की माझं लक्ष डब्याकडे जाऊ लागलं. पुतण्यांच्या ताटाकडे असं बघणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, दादाशी कसं बोलू. शेवटी मी जाऊबाईंशीच बोलले, कपडे वाळत घालताना. त्या म्हणाल्या, "मी तर दोन वर्षं वाट बघतेय तू कधी बोलतेस. आम्हालाही ते नीट वाटत नव्हतं, पण आपणहून काढलं तर तुम्ही म्हणाल उपकार करतात."

आता आमच्याकडे स्टीलचा एक डबा आहे. महिन्याच्या पाच तारखेला त्यात पैसे पडतात. मोठ्या माणसाचा एक भाग, कॉलेजच्या मुलांचाही एक, माझ्या लेकीचा अर्धा. किराणा, लाइट, गॅस, दूध सगळं त्या डब्यातून. शिल्लक राहिली तर दिवाळीत फराळाच्या सामानाला. सासूबाईंचा भाग आम्ही धरला नव्हता. पहिल्याच महिन्यात त्यांनी पेन्शनमधले हजार रुपये आणून टाकले आणि म्हणाल्या, "मीही याच घरात जेवते." नको म्हटलं तर दोन दिवस रुसल्या. तेव्हापासून त्यांचे हजार सगळ्यात आधी पडतात.

तिखटमीठ | ७ मे, रात्री १०.२०

सासुरवाशीण, डोळे पाणावले. तुमच्या जाऊबाईंना नमस्कार सांगा.

सदाशिव_कॉट | ८ मे, सकाळी ६.१५

एमपीएससीची तयारी करताना तीन वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर काढली. एका खोलीत चार कॉट, घरभाड्याचा प्रश्न नव्हता, जो तो आपल्या कॉटचे पैसे मालकांना देई. भांडण व्हायचं ते स्वयंपाकाच्या खर्चावर. मेस परवडेना म्हणून चौघांनी शेगडी घेतली.

ॲपमध्ये खर्च टाकायचो. भाजी ४०, कांदे ३०, तेल १४०. महिनाअखेर एकाच्या नावावर कायम देणं निघायचं, कारण तो दुकानातून काही आणतच नव्हता. पण तो गावाहून येताना घरच्या तांदळाचं अर्धं पोतं आणायचा. आईने दिलेलं तूप, कुळथाचं पीठ, पापड. आम्ही चौघंही ते खायचो. ॲपमध्ये टाकायला त्याची पावती नव्हती. एकदा त्याने निमूट ६०० रुपये काढून दिले आणि आम्ही ते घेतले. परीक्षा पास होऊन आज मी नोकरीत आहे, पण ते ६०० रुपये घेतल्याचं दुःख अजून जात नाही. गेल्या वर्षी त्याच्या लग्नात त्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "त्या दिवशी मी पोस्टाच्या पुस्तकातून काढून आणले होते."

मोगरा, हिशेब जरूर करा. फक्त पैशाशिवाय घरात काय काय येतं, तेही त्याच कागदावर लिहा.

म्युनिकचा_मन्या | ८ मे, दुपारी ४.३०

इकडची तऱ्हा. जर्मनीत आम्ही चौघं एका सामाईक घरात राहायचो, त्याला इथे 'वेगे' म्हणतात. पत्ता नोंदवला की थोड्याच दिवसांत प्रत्येकाच्या नावाने रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. घरात टीव्ही नसला तरी. महिना १८.३६ युरो. नवा मुलगा घाबरून लगेच भरायला जातो. ती वर्गणी माणशी नसते, घराला एक असते. एकाने भरायची, त्याचा वर्गणी क्रमांक बाकीच्यांनी कळवायचा आणि आपापला वाटा त्याला द्यायचा. आमच्यात हे कोणालाच माहीत नव्हतं, दोघं कित्येक महिने वेगवेगळे भरत होते.

खरी पंचाईत वर्षअखेरच्या हिशेबाची. हीटिंग आणि पाण्याचे दरमहा अंदाजाने पैसे द्यायचे आणि प्रत्यक्ष वापराचा हिशेब मागाहून येतो. घरमालकाला त्यासाठी वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते. म्हणजे २०२२ च्या थंडीचं थकलेलं बिल २०२३ च्या डिसेंबरातही येऊ शकतं. तोवर एकजण नोकरीला हॅम्बुर्गला गेलेला, एकजण भारतात परतलेला. आम्हाला आलेली रक्कम मी आणि एका केरळी मित्राने भरली. भारतात गेलेल्याने फोन करताच त्याच दिवशी पैसे पाठवले. हॅम्बुर्गच्याने "मी तर खिडकी उघडी ठेवून झोपायचो, हीटर लावतच नव्हतो" असं कळवलं.

हिशेबनीस | ८ मे, दुपारी ४.४५

खिडकी उघडी असली तर बाकीच्यांच्या खोल्याही गार झाल्या. त्याच्याकडून जास्त घ्यायला हवे होते.

लेस्टरवासी | ८ मे, संध्या. ५.२०

इंग्लंडमधला प्रकार याहून अवघड आहे. इथे घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर, माफ. आम्ही पाचजण होतो. एकाचा कोर्स संपून नोकरी लागली आणि घरावर टॅक्स सुरू झाला, विद्यार्थी धरत नाहीत म्हणून २५ टक्के सवलत वजा जाऊन. कायद्याने ते बिल नोकरीवाल्याच्याच नावावर येतं, विद्यार्थ्यांवर जबाबदारी नाही. तो म्हणाला, घर पाचांचं तर टॅक्स पाचांचा. आम्ही म्हणालो, तुझ्यामुळे आला. आठवडाभर घरात अबोला. मग लक्षात आलं की या मुलाला पहिला पगार अजून मिळायचाय आणि आम्ही त्याला कायदा दाखवतोय. अर्धा त्याने, अर्धा आम्ही चौघांनी, असं घराचा करार संपेपर्यंत केलं.

पेठेतला | ८ मे, रात्री ९.००

अवांतर: आमच्या खोलीत एक कट्टर शाकाहारी होता. फ्रिजमध्ये अंडी ठेवली म्हणून फ्रिजच्या विजेचा वाटा देणार नाही म्हणाला. मग दूध आणि ताकही तो बाहेर ठेवू लागला. मे महिना होता, तिसऱ्या दिवशी तह झाला. अंडी दारातल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात.

मोगरा | १५ मे, रात्री ११.१०

मंडळी, आकडे आले.

प्लग सात दिवस लावला. प्र.ने स्वतःच लावून घेतला, मला मागेही लागावं लागलं नाही. सात दिवसांत ४९ युनिट. दिवसाला सात, महिन्याला २१०. हिशेबनीस, तुमचा अंदाज तंतोतंत निघाला! म्हणजे एप्रिलमध्ये वाढलेल्या २७० युनिटांपैकी ६० एसीचे नव्हतेच, ते आम्हा तिघींचे.

रविवारी मी चहा एका पातेल्यात केला आणि दोघींना हाक मारली. आधी रानजाईची पोस्ट वाचून दाखवली. शि. रडली. तिने प्र.ची माफी मागितली, फोटो तसा टाकल्याबद्दल. प्र. म्हणाली की एसी घेण्याआधी तिने आम्हाला विचारायला हवं होतं. बिल वाढणार हे तिला ठाऊक होतं, पण विषय काढायची भीती वाटली.

मग तिन्ही पद्धती कागदावर मांडल्या. प्र. तिसऱ्या पद्धतीने द्यायला तयार होती. शि.नेच दुसरी धरली. तिचं म्हणणं, रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघी प्र.च्याच खोलीत जाऊन बसतो. ते खरं आहे. तेव्हा एसीचे सरासरी दराने प्र.कडे, बाकी तिघींत. एप्रिलचे ४,०५९ आणि १,१८९-१,१८९. प्लग आता कायम राहणार, दर महिन्याच्या एक तारखेला तिघींनी मिळून आकडा बघायचा.

वायरमन नाना | १६ मे, सकाळी ६.४०

छान केलंत पोरींनो. एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवा आणि २६ वर ठेवा. पडदा जाड लावा. दिवसाला युनिट-दीड युनिट कमी होईल.

देवगडी | १८ ऑगस्ट, सकाळी १०.३०

धागा वर काढतोय, कारण गणपती तोंडावर आलेत (७ सप्टेंबर) आणि दरवर्षीचा विषय आमच्याकडे सुरू झालाय.

गावचं घर आजोबांच्या नावावर. आम्ही सहा चुलत भावंडं, पाच मुंबईत, एक गावात. घर वर्षातले दहा महिने बंद, तरी लाइट बिलातला स्थिर आकार दरमहा येतो, घरपट्टी येते, दर पावसाआधी कौलं बदलायची असतात. ते सगळं गावातला भाऊ बघतो आणि गणपतीला सगळे जमलो की वही काढतो. मग एकजण म्हणतो, मी यंदा दोनच दिवस आलो. दुसरा म्हणतो, माझी बायको-मुलं आली नाहीत.

सचिव दादांची पोस्ट वाचून मी यंदा वहीची दोन पानं करायचं सुचवलंय. पहिल्या पानावर घराचा खर्च: घरपट्टी, स्थिर आकार, कौलं, वाशांना तेल. हा सहा सारखे भाग, कोणी येवो न येवो, कारण घर सहांचं आहे. दुसऱ्या पानावर उत्सवाचा खर्च: किराणा, त्या महिन्याचे युनिट, भजनाचा चहा-फराळ. हा माणशी आणि दिवसांवर. मूर्तीचे पैसे मात्र गावातला भाऊच देतो, ते तो कोणाला देऊ देत नाही.

सासुरवाशीण | १८ ऑगस्ट, दुपारी १२.१५

आणि गावातल्या वहिनींच्या कष्टांचं कुठल्या पानावर? दहा महिने बंद घर झाडून, सारवून, भांडी घासून त्याच तयार ठेवत असतील ना?

देवगडी | १८ ऑगस्ट, दुपारी १२.५०

ताई, खरंय. यंदा आम्ही पाच घरं दोन दिवस आधी जाऊन साफसफाई करतोय. सगळ्यांना कळवतो.

मळेवाला | १८ ऑगस्ट, रात्री ८.४५

आमच्याकडं सामाईक विहीर हाय. तीन भाऊ, एक मोटार, पाच एचपी. पाण्याची पाळी लावल्याली, दोन-दोन दिवस. लाइट बिल तिघांत सारखं असायचं. धाकट्याचा ऊस, त्येला पाणी जास्त. माझा निम्मा सोयाबीन. भांडान व्हायचं, पण बिल भरायला जायचं म्हणून तिघं एकत्र तरी यायचो.

आता साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला एप्रिलपासनं सरकारनं वीज माफ केलीया. बिलाचं भांडान मिटलं. गेल्या महिन्यात मोटार जळाली. ती धाकट्याच्या पाळीत जळाली. थोरला म्हणाला, ज्याच्या पाळीत जळाली त्यानं रिवाइंडिंगचं द्यायचं. मी म्हणालो, आरं मोटार काय एका दिवसात जळत न्हाई, बेरिंग आदीपासनं आवाज करत हुतं, तिघांनी बी ऐकल्यालं. वीज फुकट झाल्यापासनं कुणीच येळेवर बंद करत न्हाई, ह्यो बी दोष तिघांचा. तीन भाग केलं. आता महिन्याला प्रत्येकी दोनशे बाजूला काढतोय, मोटारीच्या नावानं.

सचिव_दादा | १८ ऑगस्ट, रात्री ९.१०

याला आम्ही सोसायटीत दुरुस्ती निधी म्हणतो. मळेवाले दादा, तुमचं अगदी बरोबर आहे.

मोगरा | १९ ऑगस्ट, रात्री १०.००

धागा वर आलेला बघून आनंद झाला. जूनच्या मध्यापासून एसी बंदच आहे, प्लग शून्य दाखवतोय. तरी जुलैचे युनिट २३० आले. मार्चमध्ये १९० होते. तिघींच्या सवयी त्याच, पंखे उलट कमी. आता संशय कोणावर घ्यावा कळेना, म्हणून तिघी मिळून इथे विचारायचं ठरवलं. नाना, आहात का?

वायरमन नाना | १९ ऑगस्ट, रात्री १०.२५

आहे. फ्रिज कोणाचा आणि किती जुना?

मोगरा | १९ ऑगस्ट, रात्री १०.३०

घरमालकांचा. किती जुना माहीत नाही, पण दारावरचं नाव पुसून गेलंय. मागच्या बाजूने सारखा गुरगुरतो.

वायरमन नाना | १९ ऑगस्ट, रात्री १०.४१

फ्रिजच्या दारात एक नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा. मग नोट ओढा. घट्ट बसली तर रबर चांगलं. सहज निघाली तर गार हवा तिथून जातेय आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. दाराच्या चारही बाजूंनी बघा. गिझर कोण किती वेळ चालू ठेवतं तेही बघा, पावसाळ्यात लोक बटण लावून विसरतात.

मोगरा | १९ ऑगस्ट, रात्री ११.०२

दहाची नोट खालच्या बाजूने न ओढताच पडली. प्र. आणि शि. दोघी शेजारी उभ्या होत्या. गिझरला आजपासून टायमर, आणि घरमालकांना फ्रिजबद्दल सकाळी फोन करतोय. रबर बदलायचा खर्च त्यांचा की आमचा?

सचिव_दादा | १९ ऑगस्ट, रात्री ११.१५

करारनामा काढा. सोबतच्या यादीत फ्रिज लिहिलाय का बघा आणि दुरुस्तीचं काय लिहिलंय ते इथे टाका.

मोगरा | १९ ऑगस्ट, रात्री ११.१९

शि. शोधतेय. कपाटात वरच्या फायलीत असेल.